रखमाकाकीची साठ पोती

रखमाकाकी कुणाच्याही घरात शिरली की आधी वर बघायची. घरची बाई हात पुसत 'ये गं' म्हणत पुढे आलेली असायची, पोरं दारात जमलेली असायची, आणि काकीची नजर छताला. मग ती भिंतीजवळ जायची, बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी टकटक करायची, मान तिरकी करून ऐकायची, आणि त्यानंतर कुठे वळून विचारायची, "बरी हायस ना?" आमचे पणजोबा ऊसमजूर म्हणून ज्या बेटावर आले, तिथल्या आमच्या नुव्हेल फ्रांस गावात ज्यांनी नवीन घर बांधलं होतं ती माणसं तिला टरकून असत. तिने एखाद्या भिंतीसमोर नुसतं 'हं' केलं तरी घरमालकाची झोप उडायची आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याशी त्याचं वाजायचं. माझ्या थोरल्या चुलत्याने तर एकदा तिला अंगणातच गप्पांत गुंतवून परस्पर वाटेला लावलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ती बसायची नाही. खुर्ची पुढे केली की खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. चहा उभ्याने, गप्पा उभ्याने. देवळात आरती झाल्यावर बाकीच्या बायका फतकल मारून बसल्या तरी ही खांबाला टेकून उभीच. आई म्हणायची, अगं, जरा टेक. त्यावर काकीचं उत्तर ठरलेलं: "येन एकदा बसाया. आता नाय." हे ती आमच्या घरी मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून म्हणत होती. मला तिचा राग यायचा. एक माणूस उभं राहिलं की समोरच्यालाही धड बसवत नाही, आणि काकी आली की आमचं सगळं घर उगाच कुठे तरी निघायच्या घाईत असल्यासारखं वाटायला लागायचं. आज ती नाही, आणि माझ्या घरातल्या खुर्च्या बसणाऱ्या माणसांनी भरलेल्या असतात. त्यातलं कुणी वर बघत नाही.

काकी आमची सख्खी शेजारीण. तिचं घर पत्र्याचं. नवरा सदाशिवकाका चहाच्या मळ्यात कामाला होता. शांत, तोंडातून शब्द काढायचा तर विचार करून काढणारा. सासऱ्याच्या जागेत तिघा दिरांच्या तीन खोल्या आणि कोपऱ्यात हिची चौथी. आमचं गाव उंचावर, वर्षातले निम्मे दिवस ढगातच. बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते, धुतलेला शर्ट तिसऱ्या दिवशीही ओलाच. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. काकी कायम चढ्या आवाजात बोलायची ती त्यामुळेच, असं माझं मत आहे. तिला हवी होती ती एकच गोष्ट: डोक्यावर सिमेंटची स्लॅब. आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत स्लॅबला दाल म्हणतात. खोल्या किती, खिडक्या कसल्या, रंग कुठला, याचं तिला काही नव्हतं. "एकदा दालच्या खाली निजायचंय," एवढंच ती म्हणायची.

अशातच ते मोठं वादळ आलं. मी तेव्हा शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होते. रात्रभर वारा घोंगावत राहिला, सकाळी बघतो तर काकीच्या घराच्या चार भिंती जागेवर आणि वर काही नाही. दिरांचेही पत्रे गेले होते. ते तिघे कपाळाला हात लावून बसले. काकी पायात रबरी बूट घालून चहाच्या मळ्यात शिरली. आपले पत्रे तिने निळ्या रंगाने रंगवलेले होते आणि खिळ्यांची भोकं तिला पाठ होती. दोन दिवस ती मळ्यांतून, ओढ्यांतून हिंडली आणि एकेक पत्रा डोक्यावर घेऊन परत आली. एकच राहिला. तो खालच्या वस्तीत एका म्हातारीच्या स्वयंपाकघरावर जाऊन बसला होता, आणि म्हातारीने तो तसाच ठोकूनही टाकला होता. काकीने तो मागितला नाही. पण पुढे कित्येक महिने त्या बाजूला गेली की ती म्हातारीच्या दारात उभी राहायची, वर बघायची, पत्र्याची खुशाली विचारल्यासारखं करायची आणि निघायची. शेवटी म्हातारीनेच कंटाळून तो काढून दिला.

त्या वादळानंतर आख्खं बेट सिमेंटच्या मागे लागलं. ज्याच्याकडे चार पैसे होते तो विटा-ब्लॉक आणून टाकायला लागला. साखरेला तेव्हा चांगला भाव होता, सगळ्यांना वाटत होतं, आता असंच चालणार. ऊसवाल्या मोठ्या कंपन्या कडेच्या जमिनीचे तुकडे पाडून विकत होत्या. काकीने लोकरी कपड्यांच्या कारखान्यात काम धरलं. पहाटे व्हॅन यायची, गावातल्या पोरी-बायकांना भरून न्यायची. त्यातली सगळ्यात वयस्कर काकी. सदाशिवकाकाला ते आवडलं नव्हतं, पण तो तसं म्हणेपर्यंत व्हॅन निघून गेलेली असायची. दोघांनी मिळून गावाच्या टोकाला दहा पर्चचा तुकडा घेतला. दहा पर्च म्हणजे एक लहान घर आणि पुढे तुळस, मागे दोन पेरूची झाडं, एवढी जागा. भिंती उठायला चार वर्षं लागली. पगार झाला की थोडे ब्लॉक यायचे, पावसाने उघडीप दिली की रेमों नावाचा गवंडी येऊन ते रचून जायचा. भिंती डोक्याइतक्या झाल्या तेव्हा काकी रोज संध्याकाळी त्या बिनछपराच्या खोल्यांतून फेऱ्या मारायला लागली. बाहेरून बघणाऱ्याला नुसतं तिचं डोकं इकडून तिकडे जाताना दिसायचं.

स्लॅबचा दिवस म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण काकीचा सगळा जीव तिथेच टांगणीला लागलेला होता. भिंती हळूहळू बांधता येतात. स्लॅब एका दिवसात टाकावी लागते. ओलं सिमेंट ओल्या सिमेंटलाच धरतं. मध्ये काम थांबलं, एक भाग सुकला आणि दुसऱ्या दिवशी पुढे टाकलं की दोन्हींमध्ये सांधा राहतो, आणि त्या सांध्यातून पुढे जन्मभर पाणी येतं. म्हणून स्लॅबला माणसं लागतात. मजूर लावणं कुणाला परवडत होतं? रविवार धरायचा, नातेवाईक, शेजारी, कारखान्यातले, देवळातले, सगळ्यांना सांगायचं. पहाटे हळदकुंकू वाहून पहिली बादली चढते, मग फावड्यांनी कालवलेला माल हातोहात शिडीवरून वर जातो, आणि दिवस कलायच्या आत छप्पर तयार. दुपारी घरधनी सगळ्यांना जेवायला घालतो. मजुरी नाही. पण तुमच्या दिवसाला मी आलो तर माझ्या दिवसाला तुम्ही यायचं, हे न बोलता ठरलेलं.

काकी सगळ्यांच्या दिवसांना जायची. आमच्या गावात, क्वात्र बॉर्नला, अगदी उत्तरेला लॉंग माउंटनपर्यंत, ओळखीचं, अर्ध्या ओळखीचं, कुणाचंही घर असो. बायका अशा दिवशी मागे भाजी चिरत असतात. काकी पदर खोचून शिडीवर. रेमों तिला खाली उतर म्हणायचा, पण ती ऐकायची नाही, आणि खरं सांगायचं तर शिडीच्या मधल्या पायरीवर तिच्याइतकं पटपट बादली वर देणारं दुसरं कुणी नव्हतं. पुरुष बिडी ओढायला थांबले की ती वरून ओरडायची, "एन सेल कू, एन सेल कू." एका दमात. तीस-चाळीस घरांच्या स्लॅबमध्ये तिच्या हातच्या बादल्या आहेत. ती हे माणसांसाठी करत होती हे खरंच. पण आपल्या दिवसाला माणसं कमी पडू नयेत हेही तिच्या मनात होतं, आणि ते ती लपवत नव्हती.

मधे तिने कर्जाचाही प्रयत्न केला. मला बरोबर नेलं, कारण कचेरीत फ्रेंच लागतं आणि मी आता शाळेत शिकवत होते. साहेबाने काकीच्या कारखान्याची पगाराची चिठ्ठी बघितली, काकाच्या मळ्याची बघितली, आणि दोन्ही आमच्याकडे सरकवून ठेवल्या. कारखाना आज आहे उद्या नाही, मळ्याचं काम हंगामी. यावर घर उभं राहत नाही, असं त्याने सभ्य भाषेत सांगितलं. मी ते काकीला मराठीत सांगत होते, तर तिचं लक्षच नव्हतं. ती वर बघत होती. उठताना (म्हणजे मी उठताना, ती उभीच होती) तिने साहेबाला क्रिओलमध्ये सांगितलं की तुमच्या टेबलावरचा कोपरा गळणार आहे, कागद हलवून ठेवा. साहेब हसला. पुढच्या पावसाळ्यात त्या कचेरीतल्या शिपायाने आमच्या ओळखीच्या माणसाला विचारलं होतं, ती बाई कोण होती म्हणून.

आता माझ्या भागाकडे येते. टाळता आला असता तर टाळला असता.

काकीला वाचता येत नव्हतं, आणि बेटावरची वर्तमानपत्रं फ्रेंच. मी शाळेतून आले की ती कुंपणाशी हजर: "शोभा, गाझेत आणलीस? बघ, सिमां चढतंय काय?" सिमां म्हणजे सिमेंट. मी अंगणात उभ्या उभ्या बातमी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. साखरेचा भाव पडला, सरकारला बाहेरून कर्ज घ्यावं लागतंय, कुठला मंत्री काय म्हणाला. काकी फक्त एवढं विचारायची की याने सिमेंट चढेल का उतरेल. तिच्यामुळे मला अर्थव्यवस्था नावाची गोष्ट समजायला लागली असं मी पुढे शाळेत फुशारकीने सांगत असे. बावीस-तेवीस वर्षांची होते. जे वाचलं ते कळलं असं वाटायचं वय.

एका दुपारी बेटाच्या रुपयाची बातमी होती. सरकार रुपयाची किंमत उतरवणार अशी बोलवा, तसं झालं तर बाहेरून येणारा माल महागणार, घरबांधणीवाल्यांना फटका. मी सिमेंटचं वाचलं. काकीने विचारलं, "म्हंजे आत्ता घ्यावा काय?" मी म्हटलं, आत्ताच घे, चढणारच आहे. आणि पेपर दुमडला. मला चारची बस गाठायची होती. क्वात्र बॉर्नच्या बाजारात एक माणूस माझी वाट बघत उभा राहणार होता, ज्याच्याशी पुढे माझं लग्न झालं. त्याला उशीर खपत नसे आणि मला त्याचा रुसवा.

बसमध्ये मी बातमीचा उरलेला भाग वाचला. त्यात होतं की खरी टंचाई लोखंडाची येणार, सळयांची जहाजं लांबताहेत, ज्यांना स्लॅब टाकायची आहे त्यांनी आधी सळया बघाव्यात, सिमेंट काय, ते साठवून टिकत नाही. परत आल्यावर सांगू, असं मी ठरवलं. परत आले तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी काहीतरी होतं. तिसऱ्या दिवशी काकीच्या दाराशी लॉरी उभी होती आणि साठ पोती उतरत होती. तिने गळ्यातली माळ मोडली होती. माझ्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

आणि गंमत अशी की रुपया खरंच उतरला. सिमेंट चढलं, मग दुकानातून गायबच झालं. दोन महिने काकी गावात विजयी मुद्रेने हिंडत होती. "शोभाने वाचलान म्हणून," असं ती सगळ्यांना सांगायची आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं. पोती पत्र्याच्या खोलीत रचली होती. जागा दुसरी नव्हतीच, म्हणून ती पोती म्हणजेच त्यांचा पलंग झाला. वर प्लास्टिक, त्यावर गोधडी. सदाशिवकाका, काकी आणि त्यांची धाकटी मुलगी लता त्यावर झोपायचे. प्लास्टिक तिने चहूबाजूंनी दोऱ्यांनी आवळून बांधलं होतं, हवा लागू नये म्हणून. कुणाला हात लावू द्यायची नाही.

सळया मिळाल्या आठ महिन्यांनी. त्या आठ महिन्यांत आमच्या गावाने जेवढा पाऊस आणि धुकं बघायचं तेवढं बघून घेतलं.

तो रविवार मला तासातासाने आठवतो. पहाटेपासून माणसं येत होती. लॉंग माउंटनहून एक आख्खी व्हॅन आली. इतकी माणसं त्या टोकाच्या वस्तीत कधी जमली नव्हती. काकीने ज्याच्या ज्याच्या घरी बादली उचलली होती तो तो आला होता. मागे भाताची मोठी देग चढली होती. सेंटरिंगच्या फळ्या ठोकून तयार, वर सळयांची जाळी बांधलेली, वाळू-खडीचे ढीग. काकी नवी साडी नेसली होती आणि पदर आधीच खोचलेला होता. पोती जुन्या खोलीतून नव्या जागी आणायला दहा-बारा जण गेले. पहिलं पोतं आलं, रेमोंने त्यात फावडं मारलं. फावडं उडून बाजूला झालं. त्याने पुन्हा मारलं.

रेमोंने कागद फाडला. आत पोत्याच्या आकाराचा दगड होता. शिवणीच्या दोऱ्याचे टाके सुद्धा त्यावर उमटलेले.

काकी जुन्या घराकडे चालत गेली. मी मागे गेले. पोत्यांची रास अर्धी मोडलेली होती, गोधडी बाजूला पडली होती. तिने एकेका पोत्यावर बोटाचं पेर वाजवायला सुरुवात केली. टक, टक. मान तिरकी. गावातल्या प्रत्येक भिंतीवर टकटक करणारी बाई आठ महिने ज्याच्यावर झोपत होती ते तिने एकदाही वाजवून बघितलं नव्हतं. वरची सगळी दगड. कडेची दगड. खालची, जमिनीला लागलेली, दगड. मधल्या थरातली काही मऊ निघाली. ती तिने बोटाने दाखवली, बायका-पोरांनी ती ओढून बाजूला काढली. बावीस भरली. कुणीतरी घरी धावत जाऊन आपल्याकडचं एक पोतं आणलं. दुकानं बंद, आणि उघडी असती तरी सिमेंट नव्हतंच.

रेमोंने हिशेब केला. पुढची खोली होईल, मधल्या भिंतीपर्यंत. बाकी पुन्हा कधी. तो काकीला बाजूला घेऊन म्हणाला, आज टाकूच नका, माणसांना जेवायला घाला, पुढच्या वर्षी एकदम टाकू. अर्धी टाकली की सांधा राहणार, पाऊस आत येणार, तुम्हाला मी सांगायला नको. सदाशिवकाका मान हलवत होता. त्यालाही तेच पटत होतं. आजूबाजूची माणसं हातात रिकाम्या बादल्या घेऊन उभी होती. काकीने सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग वर बघितलं, त्या उघड्या सळयांकडे.

"टाक," ती म्हणाली. "अर्धी टाक. माज्याच्यान आता थांबवत नाय."

आणि शिडीच्या मधल्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

शेवटच्या तीन पोत्यांत गाठी निघाल्या. भिंत गाठायला दोन हात कमी पडले. स्लॅब पुढच्या खोलीच्या मधेच, काही कारण नसताना थांबावी तशी थांबली. दुपारी सगळे जेवले; बोलणं कमी, वाढणं जास्त. मी वाढत होते. पन्नासेक माणसांच्या पानांत भात वाढला त्या दिवशी, आणि काकीच्या पानापाशी गेले तर ती पान हातात धरून उभी. तिच्याकडे मान वर करून बघायची माझी छाती झाली नाही.

उरलेल्या भागावर निळे पत्रे चढले. त्यात म्हातारीने परत दिलेलाही एक होता. ते लोक लगेच राहायला गेले. दगड झालेली अडतीस पोती काकीने वाया घालवली नाहीत. घर रस्त्यापासून उंचावर होतं. तिने ती पोती एकावर एक रचून पायऱ्या केल्या आणि कडेला बांध घातला. अजूनही आहेत. पोत्यांचे फुगीर आकार, दुमडलेले कोपरे, शिवणी, सगळं दिसतं. नवखा माणूस पाय ठेवताना कचरतो, पोतं फुटेल म्हणून.

पुढे माझं लग्न झालं, मी क्वात्र बॉर्नला आले. बेटाचेही दिवस पालटले. कारखाने भराभर वाढले, व्हॅनच्या जागी मोठ्या बसगाड्या यायला लागल्या, लताही शिवणयंत्रावर बसली. दुसरी अर्धी स्लॅब झाली ती लताच्या पगारावर, पहिलीनंतर सहा वर्षांनी. मी गेले होते. माणसं फार नव्हती. ज्यांनी यायचं होतं ते त्या रविवारी येऊन गेले होते. त्यांचा दिवस त्यांनी दिला होता, जेवून गेले होते, आता त्यांच्यावर काही नव्हतं. कुणाला दोष देता येत नाही. आठ-दहा जणांनी आणि भाड्याच्या मिक्सरने काम उरकलं. संध्याकाळी रेमोंने सांध्यावर डांबर फासलं. काकी बघत होती. "येणार," एवढंच म्हणाली. पहिल्याच पावसात पाणी आलं. पुढच्या खोलीत, मधल्या भिंतीच्या दोन हात अलीकडे, एक इनॅमलचा मुलामा दिलेली पांढरी परात कायमची खाली आली. पाहुणे आले की लता ती पायाने सोफ्याखाली सरकवायची आणि काकी परत बाहेर ओढायची.

माझ्या घराला कर्ज चुटकीसरशी मिळालं. सरकारी शाळेतली नोकरी, नवऱ्याची बँकेतली. साहेबाने चहा पाजला. मी कुठल्याही परीक्षेला बसले नव्हते, फक्त माझा पगार ज्या दारातून येत होता ते दार साहेबाला पसंत होतं. स्लॅबच्या दिवशी मी काकीला बोलावलं नव्हतं. वय झालं होतं तिचं, गुडघे दुखायचे. असं मी म्हणत होते. खरं म्हणजे तिने माझं घर वर बघून वाजवावं हे मला सोसणार नव्हतं. ती आपण होऊन आली, पहिल्या बसने. आत आली, सवयीने वर बघितलं. वर सळया आणि आभाळ. मग सिमेंटच्या पोत्यांपाशी गेली, प्रत्येकावर हात दाबून बघितलं, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. शिडीवर तिला कुणी चढू दिलं नाही. खाली उभी राहून दिवसभर तेच ओरडत होती, एका दमात, एका दमात. चार वाजता माझी स्लॅब एका दमात पूर्ण झाली.

नव्या स्लॅबला आठवडाभर पाणी मारावं लागतं. काकी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात. तू शाळेत जातेस, नवरा बँकेत, स्लॅब उन्हात तडकेल, असं म्हणत रबरी नळी घेऊन वर गेली. शुक्रवारपर्यंत रोज ती नुव्हेल फ्रांसहून बसने आली आणि गेली. मी भाडं देऊ केलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाकीट परत पर्समध्ये टाकलं.

शुक्रवारी मी शाळेतून लवकर आले. रस्त्यावरूनच ती दिसली. वर, पुढच्या मजल्यासाठी ठेवलेल्या सळयांच्या मधून नळी ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती. मी वर गेले. पाणी कडेने सगळीकडे सारखं उभं होतं, खाली एक थेंब नव्हता. आणि माझ्याने राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. त्या दिवशी बातमी अर्धीच वाचली होती, खाली लोखंडाचं होतं, सिमेंट साठवू नका असंही होतं, मला बस गाठायची होती, मग सांगायचं राहिलं, मग पोती आली. इतकी वर्षं जे बोलता आलं नव्हतं ते दोन मिनिटांत बोलून झालं आणि मी रडायला लागले.

काकीने नळीचा रोख बदलला.

"मला ठावं होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, काय ठाऊक होतं.

"तुजं बोट मधीच थांबलं. खाली लय काळं रवलं होतं." काळं म्हणजे छापलेलं, असं तिला म्हणायचं होतं. "वाचाया येत नाय गं मला. पण किती रवलंय ता दिसतंय. इचारलं असतं तर तू वाचली असतीस. मला पण घाई होती."

तिने नळ बंद करायला सांगितला, नळी गुंडाळली, वाकून ओल्या स्लॅबवर बोटाचं पेर वाजवलं, मान तिरकी करून ऐकलं. घट्ट वाजली. ती खाली उतरली. मी म्हटलं, काकी, आज तरी बस, चहा टाकते, घर तुझंच आहे. तिने दाराच्या चौकटीला हात लावला.

"येन एकदा बसाया," ती म्हणाली. "आता नाय. परात भरली आसंल, तिकडं पाऊस हाय."

मी तिला थांब्यापर्यंत सोडायला गेले. दुपारची वेळ, बस जवळजवळ रिकामी आली. दोन शाळकरी पोरी आणि मागे एक म्हातारा झोपलेला, बाकी सगळी बाकं मोकळी. काकी चढली. बस सुटली. मी हात हलवत होते, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. वरची दांडी धरून ती बाकांच्या मधे उभी होती, गुडघे किंचित वाकवून, मान झुकवून खिडकीतून वर बघत होती, रस्त्याच्या कडेच्या एकामागून एक जाणाऱ्या घरांच्या छपरांकडे.